जुन्या लॅपटॉपचा रास्त भाव कसा काढायचा

इंदुरात जुना लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की पावलं आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलकडे नाहीतर जेल रोडकडे वळतात. दुकानात शिरल्यावर ऐकू येणारं वाक्य जवळपास ठरलेलं असतं: "भिया, आय-सेवन है, सोला जीबी, नया सत्तर हजार का आता था, आपको अठारा में दे देंगे." चार आकडे कानावर पडतात, पण त्यांतल्या एकावरूनही भाव ठरत नाही. आय७ ही प्रोसेसर चिप कुठल्या पिढीची ते सांगितलेलं नाही. सोळा जीबी रॅम एका पट्टीची की दोन, बदलता येणारी की बोर्डालाच जोडलेली, तेही नाही. आणि सत्तर हजार हा आकडा तर फक्त अठरा हजार स्वस्त वाटावेत म्हणून घेतलेला असतो.

मूळ किंमत सोडून द्या. "तीन वर्षं झाली म्हणजे निम्मा भाव" हा हिशेब फ्रिजला कदाचित चालेल, लॅपटॉपला नाही. जुन्या लॅपटॉपची कमाल किंमत ठरते ती तेच काम करणारा नवा लॅपटॉप आज कितीला मिळतो त्यावरून. इंटेलची आय५-८२५०यू ही चिप २०१७ साली आली, तिला चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग. आज साध्या, स्वस्त नव्या लॅपटॉपात दिसणाऱ्या आय३-१२१५यूला सहा कोअर आहेत आणि ती वेगाने उघड पुढे आहे. म्हणजे तो जुना आय५ तेव्हा साठ हजारांचा असो की नव्वद हजारांचा, आज त्याची तुलना स्वस्तातल्या नव्या आय३शी व्हायची.

कंपन्या चांगले दिसणारे लॅपटॉप इतक्या स्वस्तात का सोडतात, याचं उत्तर त्यांच्या वहीत आहे. आपल्या आयकर नियमांत कॉम्प्युटरचा घसारा दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के धरतात. सत्तर हजारांचं यंत्र पहिल्या वर्षाअखेर ४२,०००, दुसऱ्या २५,२००, तिसऱ्या १५,१२० आणि चौथ्या ९,०७२ रुपयांवर येतं. चार वर्षांनी ते ठोक भावात निघालं तरी कंपनीच्या ताळेबंदाला ओरखडा उमटत नाही. बाजारातल्या चांगल्या जुन्या मालापैकी बराचसा असाच कंपन्यांकडून येतो: लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. घरगुती वापराच्या पातळ प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा आम्ही यांनाच झुकतं माप देऊ. यांचे सुटे भाग मिळतात आणि मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं.

चिपचं नाव वाचायला शिका

आय३, आय५, आय७ हा दर्जा झाला. भाव ठरतो पिढीवरून, आणि पिढी त्यापुढच्या आकड्यात असते. ८२५०यू आठवी, १०२१०यू दहावी, ११३५जी७ अकरावी, १२३५यू बारावी. इथे एक मोठी खाच आहे. सातव्या पिढीपर्यंत यू मालिकेच्या (नावाअखेर यू असलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) आय५ आणि आय७, दोन्हींना दोनच कोअर होते. आठवीत ते चार झाले. म्हणून आय७-७५००यू हा दोन कोअरचा, आणि नावाने धाकटा आय५-८२५०यू चार कोअरचा. दुकानदार आय७चे दोन हजार जास्त मागत असेल आणि पिढी सातवी असेल, तर ते दोन हजार नुसत्या स्टिकरचे आहेत.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिच्या रायझन चिपमध्ये मोठा आकडा म्हणजे नवी रचना असं समीकरण नाही. ५५००यू आणि ५६००यू शेजारी शेजारी दिसतात, पण पहिल्यात झेन २ रचना आहे आणि दुसऱ्यात तिच्याहून नवी झेन ३. ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा: ७३२०यू झेन २, ७५३०यू झेन ३.

पिढीला पैशाचं वजन येतं ते विंडोजमुळे. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या इंटेल चिपवर चालतं, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रात आडवाटेने विंडोज ११ घालून "देखो, चल रहा है" म्हणून दाखवतात. चालतं हे खरं, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्याला लिनक्स घालता येतं त्याने ही यंत्रं सात-आठ हजारांत खुशाल घ्यावीत. बाकीच्यांनी आठव्या पिढीच्या खाली उतरू नये.

हिशेब

आता आकडेमोड. खालच्या किमती नमुन्याच्या आहेत. खरेदीच्या दिवशी दोन दुकानांत विचारून त्यांच्या जागी आपल्या घाला.

समजा, तुमच्या कामाला पुरेल असा नवा लॅपटॉप ३६,००० रुपयांना मिळतो आणि तो सहा वर्षं चालेल असं धरलं. म्हणजे वर्षाला ६,०००. जुन्या यंत्राची उरलेली कामाची वर्षं मोजा: आठव्या पिढीला तीन, दहाव्या-अकराव्या पिढीला चार, त्याहून नव्याला वापर बघून साडेचार-पाच. हा आमचा अंदाज आहे. आम्ही तो मुद्दाम हात राखून केला आहे, कारण जुन्या यंत्रात बोर्ड गेला की दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्यावर जातो.

आठव्या पिढीचा चांगला लॅपटॉप: तीन वर्षं गुणिले ६,०००, म्हणजे १८,०००. नव्यात ८ जीबी रॅम आणि यात १६ असेल तर जास्तीच्या ८ जीबीच्या जुन्या पट्टीचा भाव मिळवा, समजा २,०००. झाले २०,०००. नव्याला कंपनीची वर्षाची वॉरंटी असते, याला नाही. त्याचे दहा टक्के वजा केले की १८,००० उरतात. दुकानदार तीन महिन्यांची लेखी वॉरंटी देत असेल तर पाचच टक्के कापा. तोंडी वॉरंटीची किंमत शून्य, तिथे दहाच्या दहा टक्के कापा.

एवढा भाव तब्येतीने ठीक असलेल्या यंत्राचा. दोष दिसतील तसं त्यातून वजा करायचं. पण वयानुसार अपेक्षित झीज दोनदा कापू नका. सहा-सात वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलेली असणारच, ती तीन वर्षांच्या हिशेबात आधीच धरली आहे. सत्तरच्या खाली असेल तरच नव्या बॅटरीचे पैसे वजा होतात. विक्रेत्यासमोर प्रत्येक ओरखड्याचे पाचशे मागायला बसलात तर तो तुमचं बाकीचं खरं बोलणंही ऐकणार नाही.

जाहिरातींशी ताळा घालताना एक लक्षात ठेवा. महिनाभर तशीच पडून असलेली जाहिरात हा न विकल्या गेलेल्या भावाचा पुरावा असतो. त्याच मॉडेलच्या आठ-दहा जाहिराती बघा, अगदी वरच्या सोडा आणि अगदी खालच्याही सोडा, कारण खालच्यांत कुलूपबंद किंवा चोरीचा माल निघतो. मधल्या आकड्यातून घासाघिशीचे थोडे कमी करा. तो भाव आणि तुमचा हिशेब यांत फार अंतर पडलं तर कुठलं तरी गृहीतक चुकलंय. आणखी एक: २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कचे) भाव बरेच चढले. "चार जीबीवाला घ्या, रॅम नंतर वाढवा" हा सल्ला त्याआधीच्या दिवसांतला आहे. आजच्या भावाने पट्टी आणि डिस्कची बेरीज केली की बऱ्याचदा सुरुवातीलाच १६ जीबीचं यंत्र घेणं स्वस्त पडतं.

तपासणी, आणि प्रत्येक दोषाचे किती

बॅटरीपासून सुरुवात करा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, एक जागा, मग स्लॅश आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. युजरच्या फोल्डरमध्ये एक अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो. डिझाइन कपॅसिटी म्हणजे मुळातली क्षमता, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. ४८,००० पैकी २७,००० दिसले तर बॅटरी ५६ टक्क्यांवर आहे. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे आणि सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज झाली तो आकडा) शून्य असेल तर खूश होऊ नका, ती बऱ्याचदा स्वस्तातली डुप्लिकेट बॅटरी असते आणि तिच्या चिपवरचा आकडा नुसता लिहिलेला असतो. खरं-खोटं करायला चार्जर काढा आणि वीस मिनिटं व्हिडिओ चालवा. ५० वॉट-तासांच्या ठीक बॅटरीत पाच ते आठ टक्के जातात. पंधराच्या वर गेले, किंवा ४० टक्क्यांवरून यंत्र धाडकन बंद पडलं, तर नव्या बॅटरीचे पूर्ण पैसे वजा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, दाबला जात नसेल किंवा खालचं झाकण फुगलेलं असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. तसं यंत्र चार्जरला लावून बघण्याच्या भानगडीतही पडू नका.

डिस्क बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. त्यात आरोग्याची टक्केवारी दिसते, एकूण किती लिहिलं गेलं ते दिसतं आणि पॉवर ऑन आवर्स, म्हणजे डिस्क किती तास चालू होती तेही. हा आकडा गाडीच्या किलोमीटरसारखा वाचायचा. ऑफिसचं यंत्र रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस चाललं तर वर्षाचे २,००० तास होतात. "एक ही साल चला है" असं सांगितलेल्या यंत्रात ९,००० तास दिसले तर उरलेल्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा ते कळलंच. उलट पाच वर्षांच्या लॅपटॉपात अवघे बारा तास असतील तर डिस्क नुकतीच बदलली आहे. ते वाईट नाही, पण नाव वाचा. अनोळखी नावाची स्वस्त एसएसडी असेल तर तिचे निम्मेच पैसे धरा. जुनी फिरती हार्ड डिस्कच असेल तर एसएसडीची पूर्ण किंमत वजा, कारण ती बदलल्याशिवाय आजचं विंडोज धडपणे चालणार नाही.

पडद्यावर पांढरं, काळं आणि लाल चित्र पूर्ण भरून बघा. मेलेले ठिपके, दाबाचे पांढरट डाग, कडेने गळणारा उजेड लगेच दिसतो. रिझोल्यूशन सेटिंगमध्ये बघा: १९२०x१०८० की १३६६x७६८? मग पडदा मागे झुकवून खालून बघा. रंग उलटेपालटे, काळपट दिसले तर पॅनल टीएन या स्वस्त, बाजूने नीट न दिसणाऱ्या जातीचं आहे. दिवसभर एक्सेल किंवा कोडिंग करणाऱ्याला हा फरक रोज डोळ्यांना जाणवतो आणि पॅनल बदलायला चार-पाच हजार सहज लागतात. गिऱ्हाईक प्रोसेसर विचारतं, रॅम विचारतं, पडद्याचं कुणी विचारत नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

बिजागर म्हणजे हिंज तपासताना पडदा एका कोपऱ्याला धरून हळूच उघडा. कट्कट् आवाज आला किंवा बिजागराजवळ प्लास्टिक फाकलं तर आतले पितळी नट प्लास्टिकमधून उपटलेले असतात. एम-सील आणि गोंदाची दुरुस्ती टिकत नाही, अख्खी बॉडी बदलावी लागते.

इंदूरची धूळ आणि मे महिन्यातली चाळीशीपार गरमी यामुळे पंख्याच्या जाळीवर राखेसारखा थर बसतो. पंधरा मिनिटं यूट्यूबवर मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ आणि सोबत दहा-बारा टॅब चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचा वेग बघत राहा. आय५-८३५०यूचा पायाभूत वेग १.७० गिगाहर्ट्झ आहे. काम चालू असताना तो ०.८ किंवा ०.४ला चिकटून बसला तर काहीतरी बिघडलंय. नुसती धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट असेल तर काही शेकड्यांचं काम. पण आधी चार्जर बदलून बघा. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक सुई लॅपटॉपला चार्जरची ओळख सांगते. ती तुटली किंवा चार्जर डुप्लिकेट असला की यंत्र चालू होतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद ठेवला जातो. कैक वेळा "लॅपटॉप स्लो आहे" म्हणून उतरलेला भाव फक्त चार्जरचा असतो, आणि ते ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाचा फायदा होतो. कीबोर्ड, यूएसबी, कॅमेरा, वायफाय, स्पीकर यांना पाच मिनिटं पुरतात.

विंडोज खरं आहे का हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर, जागा, स्लॅश एक्सपीआर असं टाइप करा. कायमचं सक्रिय असल्याचं उत्तर आलं तर ठीक. पुढची एखादी तारीख दाखवून व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन संपणार असं म्हटलं, तर ते दुसऱ्या कंपनीच्या किंवा चोरवाटेच्या चावीवर चालू आहे.

जिथे भाव नसतोच

काही दोषांना पैसे कापून भागत नाही. बायॉसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड असेल तर ते यंत्र फुकटातही महाग. यंत्र सुरू होताना डेलमध्ये एफ२, थिंकपॅडमध्ये एफ१, एचपीत एफ१० दाबून स्वतः आत जा. पासवर्ड विचारला तर उठा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे. आत गेल्यावर ॲब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस (मूळ मालकाला यंत्र दुरून शोधता, बंद करता येण्याची सोय) चालू आहे का बघा आणि तिथला सीरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळवा. तोच नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते कळतं, म्हणजे यंत्राचं खरं वय.

कंपनीचं दुसरं कुलूप सहज दिसत नाही. विंडोज रीसेट करून नव्याने सुरू करताना वायफाय जोडलं की एखाद्या संस्थेचं लॉगिन पान समोर येतं. याचा अर्थ यंत्र अजून त्या संस्थेच्या नोंदीत आहे. दुकानदार वायफायशिवाय विंडोज बसवून ठेवतो, म्हणून तुम्हाला काही कळत नाही. पैसे देण्यापूर्वी रीसेट आपल्यासमोर, आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करायला सांगा. अर्धा-पाऊण तास जाईल, तेवढ्यात खाली जाऊन पोहे खाऊन या.

मॅकबुकमध्ये हेच काम ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याला बांधलेलं कुलूप, करतं. शिवाय टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची मॅकओएस आवृत्ती, हे ॲपलने २०२५मध्येच जाहीर केलं, तेव्हा इंटेल मॅकबुकची उरलेली वर्षं मोजताना हात आखडता घ्या. गेमिंग लॅपटॉपला वरचा हिशेब जसाच्या तसा लागू करू नका. ग्राफिक्स चिप वर्षानुवर्षं तापलेली असते, आम्ही तिथे निदान एक वर्ष आणखी कमी धरतो.

एकच नाव, दोन भाव

थिंकपॅड टी४८० घ्या. बाजारात भरपूर मिळतो, २०१८चं मॉडेल, बहुतेक आठवी पिढी, रॅमचे दोन स्लॉट. जाहिरातीत "टी४८०, आय५, १६ जीबी, १८,०००" एवढंच असतं. पण याला दोन बॅटऱ्या: आत २४ वॉट-तासांची आणि मागे काढता येणारी, जी २४, ४८ किंवा ७२ची असू शकते. अहवालात दोन्ही वेगळ्या दिसतात, दोन्ही वाचा. मागचीच गेली असेल तर नवी आणून स्वतः खटकन बसवता येते. आतलीसाठी झाकण उघडावं लागतं. चार्जिंगचा टाइप-सी सॉकेट थेट मदरबोर्डला जोडलेला असतो आणि तो सैल होणं हे या मॉडेलचं जुनंच दुखणं. वायर लावून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. चार्जिंगचा दिवा लुकलुकला तर त्या यंत्राचा नाद सोडा.

आता आपला हिशेब लावा, समजा मागची बॅटरी गेली आहे. १८,००० वरून मागच्या बॅटरीचे ३,००० वजा, उरले १५,०००. पडदा १९२०x१०८०चा असेल तर हाच रास्त भाव. पण टी४८० हा १३६६x७६८च्या पडद्यातही विकला गेला आहे. तो निघाला तर आणखी ४,००० जातात आणि भाव ११,००० वर येतो. यानंतरचं "दो-चार सौ कम-ज्यादा" कुठेही सुटतं.

सुदामा नगर किंवा राजेंद्र नगरात कुणी घरून विकत असेल तर दुकानापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी पडायला हवेत, कारण तिथे परत आणून द्यायची सोय नाही. भंवरकुआच्या बाजूला कोचिंगचं वर्ष संपलं की मुलं घरी परतताना लॅपटॉप काढतात. घाईतला विक्रेता भावाला नरम असतो, पण मूळ बिल आणि ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे.

दुकानात "बिल चाहिए तो अठारा परसेंट ऊपर से" असं ऐकू येईल. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) घेतलं नसेल तर त्याला जीएसटी फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर भरायचा पर्याय आहे. बारा हजारांना घेतलेला लॅपटॉप पंधराला विकला तर कर तीन हजारांवर लागतो, म्हणजे साडेपाचशेच्या आत. त्यासाठी तुमच्याकडून २,७०० मागणं हा कराचा विषय नाही, घासाघिशीचा आहे. अशा बिलावर तुम्हाला पुढे इनपुट क्रेडिट मात्र मिळत नाही, हे व्यवसायासाठी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

बिलावर सीरियल नंबर, रॅम, डिस्क आणि परतीची मुदत हाताने का होईना लिहून घ्या. मुदत सात दिवसांची असेल तर लॅपटॉप त्या सात दिवसांत रोज वापरा: दोनदा तरी शंभर टक्क्यांपासून बंद पडेपर्यंत बॅटरीवर, आणि एकदा झाकण मिटून रात्रभर स्लीपमध्ये ठेवून सकाळी. सैल सॉकेट, सकाळी जागं न होणारा बोर्ड, मधूनच गायब होणारं वायफाय ही दुखणी काउंटरवरच्या अर्ध्या तासात सापडत नाहीत.